पन्नासाला एक

यिहलावाच्या दक्षिणेला आमचा डोंगरउतार.
वर सातू, खाली गवत, मधे गायींचं कुंपण.
अकरा वर्षांत तीनदा
आभाळातून माणूस उतरला माझ्या शेतात.
तिन्ही वेळा तोच.

पहिल्यांदा मी धार काढत होते.
वरून करवतीचा तो कर्कश सूर,
दर शनिवारचाच.
तो अडखळला, घास घशात अडकावा तसा,
आणि थांबला.
वीज गेल्यावर फ्रीज गप्प होतो
आणि मग कळतं की तो इतका वेळ बोलत होता,
तशी शांतता.
गायीनं कान टवकारले.
तारांची शिट्टी ऐकू आली, पिवळे कापडी पंख दिसले,
आणि सातूत सरळ भांग पडला.

"वेंडेलिन. तेल्चला असतो. कवळ्या बनवतो."
सीटखालून त्यानं आलुबुखाऱ्याच्या दारूची चपटी बाटली काढली.
"नुकसानभरपाई. ही कायम बरोबर असते.
पॅराशूट नसतं, जड होतं."

मी म्हटलं, असलं यंत्र घेऊन जाताच कसे वर?
म्हणाला, पन्नास भाग पेट्रोल, एक भाग तेल.
झडपा नाहीत, तेलाची वेगळी टाकी नाही.
जे जाळायचं, त्यातच मिसळलेलं असतं
जे वाचवणार ते.
ते बंद पडणारच, असं धरून उडायचं.
मी वरून किल्ले बघत नाही, तळी बघत नाही,
फक्त उतरायला जागा बघतो.
"तुमचं शेत मला तोंडपाठ आहे, पानी ब्लाझेना."

माझ्या नवऱ्याला ते कधी तोंडपाठ नव्हतं.
कर भरतानाही तो चुकीचा आकडा लिहायचा.

दुसऱ्यांदा पिस्टन धरला.
बराच वेळ इंजिन मंद ठेवून खाली येत होता,
पेट्रोल कमी, म्हणून तेलही कमी.
गोठ्यातल्या दिव्याखाली त्यानं सिलिंडर उघडला.
पिस्टनवर मांजरीनं नखं ओढावीत तसे ओरखडे.
आदल्याच आठवड्यात म्हणे सगळं नवं बसवलं होतं.
भरवशाच्या गायीला गोऱ्हा, मी म्हटलं.
तो हसला, मग प्लग दाखवू लागला:
बिस्किटाचा रंग हवा.
पांढरा म्हणजे तापलंय, काळा म्हणजे तुंबलंय.
शेण बघून मी गायीचं असंच सांगते.
हे त्याला सांगितलं. त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

त्या वर्षी पेरताना एक पट्टी सोडली मी,
दोनशे पावलं, पश्चिमेच्या वाऱ्याला समोर.
मुलानं विचारलं.
म्हटलं, जमिनीला जरा विसावा.

तिसऱ्यांदा अडखळणं नव्हतं, खोकणं नव्हतं.
दिवा मालवावा तसा आवाज गेला
आणि तो पट्टीच्या बरोबर मधोमध टेकला.
"बंद पडलं," म्हणाला.
प्लग काढला. बिस्किटाचा रंग.
पुन्हा बसवला.
कॉफी झाली, भाकरीवर चरबी लावून खाल्ली,
गुडघेदुखीचं बोलणं झालं.
निघताना दोरी ओढली,
पहिल्याच ओढीत सुरू.
मी काही बोलले नाही.
तोही हातमोजे घालण्यात फार वेळ घालवत होता.

पुढच्या वसंतात मुलीनं त्याला फोर-स्ट्रोक घेऊन दिलं.
ऑस्ट्रियाचं इंजिन, दोन हजार तासांची हमी.
फोनवर सांगताना त्याचा आवाज
दुकानदारासारखा झाला होता.
चांगलंच झालं, मी म्हटलं.
चांगलंच झालं होतं.

आता शनिवारी पावणेदहाला तो जातो वरून.
सूर जाडसर, एकसारखा,
गायीसुद्धा मान वर करत नाहीत.
पंख एकदा डावीकडे कलतो,
तेवढंच.

पट्टीवर क्लोव्हर माजलंय.
जूनमध्ये कापते मी, अगदी बुडापासून,
दगड वेचून बांधावर टाकते.
मुलगा म्हणतो, आई, तिथे आता बटाटे लाव.
बघू, म्हणते.
यंत्रच आहे शेवटी.